श्रीमंत उमेदवार आणि कामकऱ्याचें मत

२०२४ सालच्या नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक झाली. तिच्या आधींच्या आठवड्यांत आमच्या घरीं रात्रीच्या जेवणानंतर एक वाद झाला. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. असा वाद केवळ आमच्याच घरीं झाला असेल असेंहि नाहीं. एकत्र कुटुंबांत चार वयांचीं माणसें एका पंक्तीला बसतात, आणि निवडणूक जवळ आली कीं त्या पंक्तीचा फड होतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून या महिन्यांत तोच विषय वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

वादाला कारण झालें तें एक प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांपासून आपल्याकडील प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जें, शिक्षण आणि आपल्यावर चालूं असलेले फौजदारी खटले शपथेवर जाहीर करावे लागतात. आणि तीं पत्रें आतां घरबसल्या कोणालाहि पाहतां येतात. आमच्या पुतण्यानें एका उमेदवाराचें असें पत्र मोबाइलवर काढलें आणि मोठ्यानें वाचावयास आरंभ केला. शेतजमीन, बिनशेती जमीन, सदनिका, मोटारी, पत्नीच्या नांवावरील सोनें... हा पाढा संपेपर्यंत काकांचें ताक पिऊन झालें होतें.

"आतां हा गृहस्थ मजुरांच्या वस्तींत जाऊन 'मी तुमच्यांतलाच आहें' असें म्हणणार!" पुतण्या म्हणाला. "कोण विश्वास ठेवील?"

"मी ठेवीन," काका म्हणाले. काका निवृत्त शिक्षक असून त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर आहे. "ज्याचें पोट भरलेलें आहे तो सरकारी तिजोरींत हात घालणार नाहीं. भुकेलेला घालील."

वहिनी ताटें उचलीत होत्या. "काका, भरलेलें पोट तुम्हीं कधीं पाहिलें आहे का?" त्या म्हणाल्या. "पोट भरत आलें कीं माणसें ताटच मोठें घेतात."

सगळे हंसले आणि पुढें अर्धा तास वाद रंगला. मी ऐकत होतों. मला राहून राहून एका गोष्टीचें नवल वाटत होतें. काका आणि पुतण्या एकमेकांच्या अगदीं उलट बोलत होते, तरी दोघेहि कामकऱ्याच्या वतीनें बोलत होते, आणि त्या कामकऱ्याला दोघांपैकीं एकानेंहि कांहीं विचारलें नव्हतें.

आमच्या वर्गाजवळ पुढारी मोजण्याची एक जुनी पट्टी आहे. तिचें नांव साधी राहणी. काँग्रेसनें १९३१ सालीं कराचीच्या अधिवेशनांत ठराव केला कीं सरकारी नोकराचा पगार सामान्यतः दरमहा पांचशें रुपयांहून अधिक असूं नये. पुढें १९३७ सालीं प्रांतोप्रांतीं काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं तेव्हां मंत्र्यांनीं खरोखरीच पांचशें रुपये पगार घेतला. मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानेंहि घेतला. ही हकीकत आमच्या घरांतून दोन पिढ्या अभिमानानें सांगितली गेली. तो अभिमान खोटा होता असें माझें म्हणणें नाहीं. परंतु साधेपणा त्याग ठरतो तो ज्याला दुसरें कांहीं शक्य असतें त्याच्या बाबतींत. ज्याच्या घरीं दहा फुटांच्या खोलींत आठ माणसें झोपतात त्याला पुढाऱ्याच्या जाड्याभरड्या कपड्यांचें कौतुक कां वाटावें? तें कापड त्याच्या अंगावर आहेच, आणि तें त्यानें निवडलेलें नाहीं.

मग कामकऱ्याची पट्टी कोणती? हें पाहावयाचें तर अतिशय श्रीमंत उमेदवार अतिशय गरीब मतदारांसमोर उभा राहिला असें एखादें उदाहरण घेतलें पाहिजे. तसें एक उदाहरण अमेरिकेंत १९६० सालीं घडलें, आणि त्याचा तपशील पुष्कळच उपलब्ध आहे.

वेस्ट व्हर्जिनिया हें अमेरिकेंतील डोंगराळ राज्य. कोळशाच्या खाणी हेंच तेथील मुख्य उपजीविकेचें साधन. १९५० नंतर त्या खाणींत कोळसा कापणारीं यंत्रें झपाट्यानें आलीं, आणि दहा वर्षांत निम्म्याहून अधिक खाणकामगारांचें काम गेलें. डोंगरांच्या घळींतून वसलेल्या वाड्यांतील कुटुंबें सरकारी गोदामांतून मिळणारें पीठ, तांदूळ, चरबी, दुधाची व अंड्यांची भुकटी यांवर दिवस काढीत होतीं. अशा ठिकाणीं त्या वर्षींच्या १० मे रोजीं डेमॉक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक होती. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठीं पक्षानें कोणाला उभें करावें याविषयीं पक्षाच्याच मतदारांनीं आपली पसंती नोंदवावयाची होती.

उमेदवार दोन. एक ह्यूबर्ट हंफ्री. दक्षिण डाकोटांतील एका लहान गांवांतल्या औषधविक्याचा मुलगा. मंदीच्या दिवसांत शिक्षण अर्धवट सोडून बापाच्या दुकानांत उभा राहिलेला. १९४९ पासून सेनेटमध्यें बसून यानें कामगारांच्या बाजूनें भाषणें केलीं होतीं, मतेंहि दिलीं होतीं. हा प्रचाराला भाड्याच्या बसमधून फिरत होता. दुसरा जॉन केनेडी. याचा बाप शेअरबाजार, चित्रपट आणि विलायती मद्याचा व्यापार यांत अपार पैसा मिळवून देशांतील मोजक्या धनाढ्यांत जाऊन बसलेला. मुलांच्या नांवें त्यानें स्वतंत्र निधि करून ठेविले होते; त्यामुळें केनेडीला आपला सेनेटचा पगार धर्मादाय संस्थांना देऊन टाकतां येई. प्रचाराला तो कुटुंबाच्या मालकीच्या विमानानें फिरे, आणि त्या विमानाला आपल्या लहान मुलीचें नांव होतें.

आमच्या पुतण्याच्या मतें या लढतीचा निकाल सांगावयास ज्योतिषी लागूं नये. निकाल लागला तो असा: केनेडीला शेंकडा साठांहून अधिक मतें पडलीं, आणि हंफ्रीनें त्याच रात्रीं स्पर्धेंतून माघार घेतली.

केनेडी रोमन कॅथॉलिक आणि ते मतदार बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट. त्यामुळें त्यावेळच्या वर्तमानपत्रांनीं ही लढत मुख्यतः धर्माच्या प्रश्नाची म्हणूनच रंगविली. तो भाग येथें बाजूला ठेवतों. संपत्तीचा प्रश्नहि तितकाच उघड्यावर होता आणि केनेडीनें तो झांकला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. दोन वर्षांपूर्वीं वॉशिंग्टनच्या पत्रकारांच्या मेजवानींत त्यानें स्वतःच सांगितलें होतें कीं आपल्या उदार वडिलांची तार आली आहे, तींत लिहिलें आहे कीं गरजेपेक्षां एकहि मत अधिक विकत घेऊं नकोस, प्रचंड बहुमताचे पैसे मी देणार नाहीं! खाणींतल्या एका मजुरानें त्याला विचारलें, तुम्हीं जन्मांत एक दिवस तरी हातानें काम केलें आहे काय, अशी एक गोष्ट नेहमीं सांगतात. केनेडीनें केलें नाहीं असें कबूल करतांच तो मजूर म्हणाला कीं तुम्हीं फारसें कांहीं गमावलेलें नाहीं. ही गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, ती त्या लोकांत शोभते. मेहनतीचें गोडवे गाण्याचा उद्योग बहुधा मेहनत न करणारेच करितात.

परंतु विनोदानें मतें मिळत नाहींत, आणि खाणकामगार इतका भोळाहि नसतो. त्या लोकांनीं धनिकाच्या मुलावर विश्वास कां ठेवला? माझ्या मतें याचें उत्तर १९६० मध्यें नसून १९३३ मध्यें आहे.

वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणमालकांनीं कामगारांची संघटना कित्येक वर्षें उभी राहूं दिली नव्हती. मजुराचें घर कंपनीचें, दुकान कंपनीचें, आणि मजुरी पुष्कळदां कंपनीच्याच दुकानांत चालणाऱ्या नाण्यांत. १९२१ सालीं तर ब्लेअर नांवाच्या डोंगरावर हजारों सशस्त्र मजूर आणि मालकांच्या बाजूचे बंदूकवाले यांच्यांत दिवसचे दिवस लढाई चालली आणि अखेर सरकारी फौज आणावी लागली. ज्या गोष्टीसाठीं माणसें मेलीं ती, म्हणजे संघटना करण्याचा हक्क, १९३३ च्या कायद्यानें मान्य केली. आणि थोड्याच महिन्यांत त्या सगळ्या डोंगरांत संघटना पसरली. तो कायदा ज्याच्या कारकीर्दींत झाला तो फ्रँक्लिन रूझवेल्ट स्वतः कोण होता? हडसन नदीच्या कांठच्या वडिलोपार्जित वाड्यांत वाढलेला, खासगी शिक्षकांकडून शिकून मग ग्रोटन आणि हार्वर्ड येथें गेलेला खानदानी जमीनदाराचा मुलगा.

रूझवेल्टनें आपण गरीब असल्याचें सोंग कधीं आणलें नाहीं. तोंडांत लांब सिगारेटदांडी, नाकावर बिनकाड्यांचा चष्मा, बोलण्यांत उमरावी हेल. सगळें जसेंच्या तसें. परंतु १९३५ सालीं त्यानें संघटनेच्या हक्काचा अधिक भक्कम कायदा केला, म्हातारपणाच्या निर्वाहवेतनाचा केला, आणि त्याच वर्षीं श्रीमंतांवरील कर वाढविला. त्याच्याच वर्गांतले लोक त्याला 'आपल्या जातीशीं द्रोह करणारा' म्हणूं लागले. १९३६ च्या निवडणुकीच्या तोंडावर न्यूयॉर्कमधील प्रचंड सभेंत त्यानें सांगितलें कीं हे पैसेवाले माझा एकमुखानें द्वेष करितात, आणि त्यांचा द्वेष मला मान्य आहे. खाणकामगारांच्या संघटनेनें त्या निवडणुकींत त्याच्यासाठीं जवळजवळ पांच लाख डॉलर खर्चिले. अठ्ठेचाळीसांपैकीं सेहेचाळीस राज्यें त्यानें जिंकलीं. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकऱ्यांच्या घरांतून त्याची तसबीर भिंतीवर लागली, आणि त्याच्या मरणानंतर पंधरा वर्षांनींहि ती तेथें होती.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे केनेडीच्या माणसांनीं काय केलें याचा अर्थ लागतो. त्यांनीं रूझवेल्टच्या मुलाला, फ्रँक्लिन रूझवेल्ट धाकट्याला, प्रचारासाठीं त्या डोंगरांत आणलें. तो बोलूं लागला कीं म्हाताऱ्या खाणकऱ्यांना बापाचाच आवाज ऐकल्यासारखें होई. आपल्याकडे पतपेढींत कर्ज मागावयास गेलेल्या अनोळखी माणसाला व्यवस्थापक काय विचारतो? जामीन कोण? केनेडीनें तोपर्यंत खाणकामगारांसाठीं विशेष असें कांहीं केलेलें नव्हतें. हंफ्रीनें केलें होतें. पण केनेडीजवळ जामीन होता. मागें एकदां एका श्रीमंतानें घेतलेलें कर्ज व्याजासह फेडलेलें होतें, आणि त्याचाच मुलगा आतां दुसऱ्या श्रीमंतासाठीं सही करीत होता. (या धाकट्या रूझवेल्टनें हंफ्री युद्धांत लढला नाहीं असा अनुदार टोमणाहि मारला, आणि पुढें त्याला त्याचा पस्तावा झाला, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. जामीनदार नेहमीं सज्जनपणानेंच बोलतो असें नाहीं.)

येथें काका मला मध्येंच अडवतील, आणि त्यांना तसा अधिकार आहे: "अरे, त्यानें पैसे वाटले असतील!" ही शंका निराधार नाहीं. त्या राज्यांत अशी जुनी वहिवाट होती कीं प्रत्येक जिल्ह्यांतील पक्षाचे कारभारी आपल्या पसंतीच्या नांवांची चिठ्ठी छापून मतदारांच्या हातीं देत, आणि त्या चिठ्ठींत नांव यावें म्हणून उमेदवार 'छपाईचा खर्च' देत. या छपाईला किती शाई लागे तें कारभाऱ्यांनाच ठाऊक. हंफ्रीनेंहि असा खर्च केला. केनेडीनें पुष्कळच अधिक केला. काळी पिशवी आणि चेकबुक घेऊन फिरणें मला परवडत नाहीं, असें हंफ्री जाहीरपणें म्हणाला. शेवटच्या दिवसांत दूरचित्रवाणीवर बोलण्याची अर्ध्या तासाची वेळ घेण्यासाठीं त्याला आपल्या घरखर्चाच्या खात्यावरचा चेक फाडावा लागला, आणि त्या वेळाची व्यवस्थाहि धड नव्हती. लोक दूरध्वनीवरून वाटेल तें विचारीत होते. तोच प्रतिस्पर्ध्याचें मुद्देसूद व सुबक भाषण घरोघर दिसत होतें.

म्हणजे पुतण्याची काळजी रास्त आहे. ती फक्त भलत्या ठिकाणीं बसली आहे. उमेदवाराच्या संपत्तीमुळें त्याच्यावरचा गरिबांचा विश्वास उडतो असें वेस्ट व्हर्जिनियांत दिसलें नाहीं. पण त्याच्या संपत्तीमुळें दुसऱ्या, गरीब उमेदवाराचा आवाज गरिबांपर्यंत पोंचतच नाहीं, हें मात्र दिसलें. त्या प्रतिज्ञापत्राकडे पाहून चिंता करावयाची असेल तर ती या दुसऱ्या गोष्टीची करावी.

केनेडीनें तें कर्ज फेडलें काय, हेंहि सांगितलें पाहिजे. २० जानेवारी १९६१ रोजीं त्यानें अधिकारग्रहण केलें, आणि दुसऱ्याच दिवशीं पहिला हुकूम काढला तो गरजू कुटुंबांना मिळणारें सरकारी धान्य वाढविण्याचा. त्या वर्षाच्या मे महिन्यांत दुकानांतून हवें तें अन्न घेतां यावें अशा धान्यपत्रिकांची योजना प्रयोगादाखल सुरू झाली; तिचीं पहिलीं पत्रें वेस्ट व्हर्जिनियांतील मॅकडॉवेल जिल्ह्यांतील एका बेकार खाणकऱ्याच्या कुटुंबाला मिळालीं. गेलेलें काम मात्र त्यानें परत आणलें नाहीं, आणि तें कोणालाच आणतां आलें नसतें.

आतां याच्या उलट चित्र पाहूं. तेंहि खाणकामगारांच्याच मुलखांतलें आहे, मात्र इंग्लंडांतलें.

रॅम्से मॅक्डोनल्ड हा स्कॉटलंडांतील एका कोळीवाड्याच्या गांवीं १८६६ सालीं जन्मला. आई शेतावरील मजूरीण, आईबापांचें लग्न झालेलें नाहीं. आजीच्या झोंपडींत वाढलेला हा मुलगा २२ जानेवारी १९२४ रोजीं मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान झाला. गरिबी हीच जर गरिबांच्या विश्वासाची सनद असेल, तर याच्याहून अस्सल सनद कोणाची? परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें कीं पंतप्रधानांना एक डाइमलर मोटार आणि तिच्या खर्चाकरितां हजारों पौंडांचे शेअर वापरावयास मिळाले आहेत. देणारे अलेक्झांडर ग्रँट हे बिस्किटांचे मोठे कारखानदार. आणि त्याच वर्षीं या ग्रँटसाहेबांना बॅरोनेट ही पदवी मिळालेली आहे. ग्रँट हे त्याचे जुने स्नेही होते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठीं त्यांनीं एक लाख पौंडांची देणगी दिली होती, तेव्हां पदवीला कारणहि होतें. बिचाऱ्या मॅक्डोनल्डजवळ स्वतःची गाडी नव्हती, आणि पंतप्रधानाचा वेळ वाचावा एवढाच त्यांतला हेतु असावा. पण सभांतून लोक 'बिस्किटें! बिस्किटें!' असें ओरडूं लागले.

ही गंमत मला फार उद्बोधक वाटते. रूझवेल्टच्या वाड्याकडे बोट दाखवून खाणकामगार कधीं ओरडले नाहींत. मॅक्डोनल्डच्या एका उसन्या गाडीवरून ओरडले. गाडी थोडीच होती ती? ती कोणाची होती, हा प्रश्न होता. वाड्यामुळें रूझवेल्ट कोणाचा मिंधा झाला नव्हता. गाडीमुळें मॅक्डोनल्ड झाला असावा अशी शंका आली, आणि मिंधेपणाचा वास गरिबाला इतरांच्या आधीं येतो, कारण तो त्यानें स्वतः भोगलेला असतो.

तरी त्या गाडीमुळेंच मॅक्डोनल्ड बुडाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्या सालची निवडणूक तो हरला तीं कारणें निराळीं होतीं, आणि मजूर पक्षाचीं एकूण मतें तर वाढलींच. खरा प्रसंग आला १९३१ मध्यें. मंदीच्या संकटांत बेकारांना मिळणाऱ्या भत्त्यांत शेंकडा दहांची कपात करावी कीं नाहीं यावर त्याच्या मंत्रिमंडळांत फूट पडली. तेव्हां त्यानें आपला पक्ष सोडून हुजूर व उदार पक्षांच्या मदतीनें राष्ट्रीय सरकार बनविलें. देश वांचविण्यासाठीं केलें असें तो म्हणे, आणि तो तें मनापासून म्हणत असावा. डरहॅम परगण्यांतील सीहॅम हा त्याचा मतदारसंघ खाणकामगारांचा. १९३१ च्या लाटेंत तेथून तो कसाबसा निभावला. १९३५ मध्यें त्याच खाणकऱ्यांनीं इमॅन्युएल शिनवेल याला वीस हजारांहून अधिक मतांच्या फरकानें निवडून देऊन आपल्या झोंपडींत जन्मलेल्या माजी पंतप्रधानाला घरीं पाठविलें.

एकीकडे कोट्यधीशाचा मुलगा खाणकऱ्यांनीं खांद्यावर घेतला. दुसरीकडे मजुरणीचा मुलगा खाणकऱ्यांनींच खालीं उतरविला. दोन्हीकडे पट्टी एकच आहे असें मला वाटतें. ज्या दिवशीं तुमच्या ओळखीच्या, तुमच्या बैठकीच्या, तुमच्या जेवणाखाण्याच्या माणसांचें हित आणि आमच्या चुलीचें हित यांची टक्कर झाली, त्या दिवशीं तुम्ही कोठें उभे होतां? खिशांत किती होतें हें कोणी विचारीत नाहीं. श्रीमंताला या परीक्षेंत एक सोय आहे, ती ही कीं आपल्या वर्गाविरुद्ध उभें राहतांना तो ठळक दिसतो. आणि ज्याला तेथें उभें राहावयाचें नाहीं त्याची जीभ त्याला कधींतरी दगा देते. २०१२ सालीं अमेरिकेंतच मिट रॉम्नी या धनाढ्य उमेदवारानें देणगीदारांच्या खासगी बैठकींत म्हटलें कीं देशांतील शेंकडा सत्तेचाळीस लोक प्राप्तिकर भरीत नाहींत, सरकारवर अवलंबून राहतात, त्यांची काळजी करणें हें माझें काम नव्हे. त्याचें चित्रण बाहेर आलें, आणि पुढें तो हरला. तो श्रीमंत आहे हें लोकांना आधींच ठाऊक होतें. आपल्याविषयीं तो दार लावून काय बोलतो, हें त्यांना त्या दिवशीं कळलें.

मुंबईकडे वळल्यावर ही गोष्ट आमच्या घराला अधिक झोंबते. ज्या खेर मंत्रिमंडळाच्या पांचशें रुपयांचा अभिमान मघाशीं सांगितला, त्याच मंत्रिमंडळानें १९३८ सालीं औद्योगिक तंट्यांविषयीं कायदा आणला. मजुरीची चौकशी करणारी समितीहि त्याच सरकारनें नेमली होती आणि तिच्या शिफारशीमुळें गिरणी कामगारांची मजुरी वाढली होती, हें विसरूं नये; परंतु नव्या कायद्यानें तडजोडीच्या सर्व पायऱ्या पुऱ्या होईपर्यंत संप करणें बेकायदा ठरणार होतें, आणि बेकायदा संपाला तुरुंगाची शिक्षा होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी मंडळी यांनीं एकत्र येऊन त्याविरुद्ध एक दिवसाचा संप पुकारला. गिरण्या बंद पडल्या, पोलिसांनीं गोळीबारहि केला. मंत्री पांचशें रुपयेच घेत होते, त्यांचे कपडे खादीचेच होते. पण त्या दिवशीं परळ-लालबागेंत त्याबद्दल त्यांचें कोणी कौतुक केलें असेल असें वाटत नाहीं.

आणि संपाच्या बाजूनें उभे असलेले डॉ. आंबेडकर कोणत्या वेषांत वावरत? विलायती सूट, टाय, बूट. १९३७ च्या ऑगस्टमध्यें मंत्र्यांच्या पगाराचें बिल आलें तेव्हां पांचशें रुपयांच्या त्या आकड्यावर त्यांनीं विधिमंडळांत टीकाच केली होती. आमच्या आजोबांच्या पिढींतील पुष्कळांना तो सूट खुपे. 'गरिबांचा पुढारी आणि हा थाट!' हें वाक्य मीं स्वतः लहानपणीं घरांत ऐकलेलें आहे. आज त्याची लाज वाटते. ज्यांना शतकानुशतकें चांगलें वस्त्र नेसण्याचीच मनाई होती, त्यांना आपल्या माणसाच्या अंगावरील तो सूट संपत्तीचें प्रदर्शन वाटत नव्हता. तो सूट त्यांच्या वतीनें घातलेला होता. परळच्या चाळींत दोन खोल्यांत हा माणूस वर्षानुवर्षें राहिलेला त्यांनीं पाहिला होता. त्यांना कोणत्याहि प्रतिज्ञापत्राची गरज नव्हती. आमची पट्टी येथें अपुरी पडली, एवढेंच नव्हे, तर तिच्या आड आमचा मत्सर आणि त्याहून वाईट असें कांहीं लपून बसलें होतें.

हें सारें मी दुसऱ्या दिवशीं सकाळीं काका आणि पुतण्यापुढें मांडीत होतों. काकांना केनेडी मुळींच पटला नाहीं. "तुझ्या त्या बापानें पिशवी उघडली नसती तर?" हा त्यांचा प्रश्न कायम राहिला, आणि त्याचें पुरतें उत्तर मजजवळ नाहीं. पुतण्याचें म्हणणें निराळें होतें: रूझवेल्टचें काय तें लोकांना मागाहून कळलें, मत तर आधीं द्यावें लागतें, मग पहिल्यांदा उभा राहिलेला श्रीमंत कसा ओळखावा? हा प्रश्न मला काकांच्या प्रश्नाहून अवघड वाटला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई पोळ्या लाटीत ऐकत होत्या. त्यांचे यजमान लालबागच्या एका गिरणींत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगारांबरोबर तेहि बाहेर पडले ते पुन्हां आंत गेलेच नाहींत. पुढें हें कुटुंब पुण्यास आलें आणि यजमानांनीं रखवालदारी धरली.

"डॉक्टर माणूस, गिरणींत एक दिवस काम केलेलं नाहीं," बाई म्हणाल्या. "पण दुसऱ्या कारखान्यांत त्यांनीं पगार वाढवून दिलेले आमच्या ह्यांना ठाऊक होते. म्हणून गेले सगळे त्यांच्याकडे."

"पण संप तर बुडाला," पुतण्या म्हणाला. "तुमची नोकरी गेली. तरी १९८४ मध्यें काँग्रेसची एवढी लाट असतांना तिकडच्या लोकांनीं त्यांनाच लोकसभेवर पाठवलं. तें कसं काय?"

"नोकरी गेली. पण डॉक्टरांनीं आम्हांला विकलं नाहीं, असं हे म्हणायचे." बाईंनीं पोळी तव्यावर टाकली. "आमच्या सासूबाई मात्र मरेपर्यंत त्यांना शिव्या देत होत्या. मंगळसूत्र मोडलं होतं ना माझं, त्या वर्षीं."

पुतण्यानें तें मोबाइलवरचें प्रतिज्ञापत्र त्यांच्यापुढें धरलें आणि विचारलें, "मग या माणसाला तुम्ही मत द्याल का?"

बाईंनीं हात पुसले, चष्मा लावला, आणि आकडे बराच वेळ वाचले. मग हंसून म्हणाल्या, "मत कुणाला द्यायचं तें सांगायचं नसतं ना?" आणि दूध उतूं जात होतें म्हणून आंत गेल्या.